हुकूम आणि हमी

कोविडची साथ ओसरून काही वर्षं झाली. कोणत्या देशाने काय केलं आणि कोणाचं बरोबर ठरलं हा वाद मात्र मिटलेला नाही, आणि घाईने मिटवूही नये. पुढची साथ येईल तेव्हा निर्णय घेणारी माणसं याच वादातून निघालेल्या समजुतींवर चालतील. त्या समजुती कच्च्या असतील, तर त्यांची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागेल.

पुढचा संवाद दोन भूमिकांचा आहे. मामांची सगळी नोकरी पालिकेच्या आरोग्य खात्यात झाली. साथ आली की आधी आवर घालायचा आणि चर्चा मागाहून करायची, ही त्यांची धारणा. भाची महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. आकड्यांवर तिचा जीव आहे, म्हणूनच कोणताही आकडा ती उलटून पाहिल्याशिवाय स्वीकारत नाही. दोघांच्या म्हणण्यात मला तथ्य दिसतं. ते कुठे जुळतं आणि कुठे जुळत नाही, हे पाहण्यासाठी हा लेख.

भाची : मामा, देशांची रांग लावून पहिला कोण आणि शेवटचा कोण हे ठरवणं मला पटत नाही. इटलीच्या लोकसंख्येचं मध्यम वय सत्तेचाळिशीच्या आसपास, आपलं अठ्ठाविशीच्या. ज्या आजाराने मुख्यतः वयस्कर माणसं नेली, त्यात या दोन देशांचे मृत्यू शेजारी मांडून काय कळणार? शिवाय मोजण्याच्या रीतीही वेगळ्या. बेल्जियमने वृद्धाश्रमांतले संशयित मृत्यूसुद्धा कोविडमध्ये धरले आणि सुरुवातीला जगभर तोच बदनाम झाला. अनेक देशांनी फक्त तपासणी होऊन निदान झालेले मृत्यू मोजले.

मामा : तुझं सगळं मान्य केलं तर कोणी कोणाकडून काही शिकायचंच नाही. साथीत अर्ध्या गावाला बंदी आणि अर्ध्याला मोकळीक असा प्रयोग कोणी करू शकत नाही. देशांनी वेगवेगळे मार्ग धरले, तोच आपल्या वाट्याला आलेला प्रयोग. वयाची अडचण वाटत असेल तर सारखे देश घे. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड. हवामान सारखं, राहणीमान सारखं, सरकारी आरोग्यसेवा एकाच धाटणीची. बाकी तिघांनी मार्च २०२० च्या मध्यात शाळा आणि सीमा बंद केल्या. स्वीडनने सोळा वर्षांखालच्या मुलांच्या शाळा, दुकानं, हॉटेलं चालू ठेवली आणि बहुतेक गोष्टी सल्ल्यावर सोडल्या. २०२० संपताना सुमारे १ कोटी ३ लाख वस्तीच्या स्वीडनमध्ये ९,००० हून अधिक मृत्यू झाले होते. ५४ लाखांच्या नॉर्वेत ५०० च्या आत. लोकसंख्येचा फरक धरला तरी ही तफावत झाकली जात नाही. त्या डिसेंबरात स्वीडनचे राजे कार्ल गुस्ताफ यांनीही आपण अपयशी ठरलो असं जाहीरपणे सांगितलं.

भाची : आता हाच हिशोब पुढे न्या. २०२० ते २०२२ ही तीन वर्षं एकत्र धरा. कोविडची नोंद बाजूला ठेवा आणि नेहमीपेक्षा किती माणसं जास्त गेली एवढंच मोजा. त्या मोजणीत स्वीडन युरोपातल्या सर्वांत कमी जादा मृत्यूंच्या देशांमध्ये येतो. देश तोच, धोरण तेच, फक्त वही मिटण्याची तारीख बदलली. शिवाय तुमच्या आकड्यात मुलं कुठे आहेत? स्वीडनची लहान मुलं वर्गात बसत राहिली, आणि पुढे तपासलं तेव्हा त्यांच्या वाचनात घसरण दिसली नाही. महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग मार्च २०२० ला बंद झाले, ते बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२१ च्या आसपास उघडले. ज्या घरात एकच फोन आणि तोही कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात, त्या घरातल्या पोराचं काय झालं, हे मृत्यूंच्या तक्त्यात दिसत नाही.

मामा : शाळांचं मी मान्य करतो. आपण त्या फार काळ बंद ठेवल्या. पण तीन वर्षांच्या बेरजेत तू एक गोष्ट झाकतेस. मधल्या काळात लस आली. नॉर्वेतल्या ज्या आजीला २०२० मध्ये लागण झाली नाही, तिला २०२१ मध्ये लस मिळाली. स्वीडनमधल्या तिच्या वयाच्या हजारो माणसांपर्यंत लस पोचायच्या आधीच आजार पोचला. सरासरी सुधारली म्हणून ती माणसं परत आली नाहीत. साथीत वेळ मिळवणं म्हणजे जीव मिळवणं, आमच्या खात्यात हा पहिला धडा असायचा.

भाची : वेळ मिळवला तर त्याचं केलं काय, तेही विचारायला हवं ना? हाँगकाँग बघा. चौऱ्याहत्तर लाखांचं शहर. दोन वर्षं कडक विलगीकरण, सीमा जवळजवळ बंद, आणि एवढ्या काळात फक्त २१३ मृत्यू. २०२१ च्या अखेरीस तुम्ही त्याला पहिला नंबर दिला असता. मग २०२२ च्या सुरुवातीला ओमिक्रॉन आला. तेव्हा ऐंशीच्या पुढच्या निम्म्याहून अधिक माणसांनी लस घेतलेली नव्हती. काही महिन्यांत ९,००० हून अधिक मृत्यू झाले. मिळवलेली दोन वर्षं म्हाताऱ्यांच्या दंडापर्यंत पोचलीच नाहीत.

मामा : आणि न्यूझीलंडने तीच दोन वर्षं वापरली. १९ मार्च २०२० ला सीमा बंद, २५ मार्चच्या मध्यरात्रीपासून सगळा देश घरात. जूनमध्ये व्यवहार खुले झाले. बारा वर्षांवरच्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना लस मिळाल्यावर २०२२ मध्ये टप्प्याटप्प्याने सीमा उघडली. तिथे २०२० मध्ये नेहमीच्या वर्षापेक्षा मृत्यू उलट कमी झाले. लवकर आणि कडक, या दोन शब्दांत माझं सगळं म्हणणं आलं.

भाची : लवकर आणि कडक म्हणजे पेरूसुद्धा, मामा.

मामा : पेरूचं काय?

भाची : न्यूझीलंडच्या दहा दिवस आधी, १५ मार्च २०२० ला, राष्ट्राध्यक्ष मार्तिन विस्कार्रा यांनी टाळेबंदी जाहीर केली. लॅटिन अमेरिकेतल्या सर्वांत आधीच्या आणि सर्वांत कडक टाळेबंद्यांपैकी ती एक. संचारबंदी, रस्त्यावर लष्कर, काही काळ तर पुरुषांनी एका दिवशी आणि बायकांनी दुसऱ्या दिवशी बाहेर पडायचं असा नियम. तरीही अधिकृत नोंदींनुसार लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वाधिक मृत्यू पेरूमध्ये झाले. नियम वाचले तर न्यूझीलंड आणि पेरू भाऊ-भाऊ वाटतात.

मामा : कारण काय दिसतं तुला?

भाची : तिथली साधारण सत्तर टक्के कामकरी माणसं रोजंदारीची किंवा बिननोंदणीची कामं करतात. आज हात चालला तर आज चूल पेटते. तेव्हा जवळजवळ निम्म्या घरांत फ्रिज नव्हता, म्हणजे बाजारात वरचेवर जाणं आलंच. लिमातल्या बाजारांत तपासणी झाली तेव्हा विक्रेत्यांमध्ये लागण प्रचंड निघाली. सरकारने मदतीची रक्कम जाहीर केली, पण असंख्य लोकांचं बँकेत खातंच नव्हतं, म्हणून पैसे घ्यायला बँकांसमोर गर्दी उसळली. गर्दी टाळा असं सांगणाऱ्या सरकारनेच गर्दी करायला लावली. पुढे ऑक्सिजनच्या टाक्यांसाठी नातेवाइकांच्या रांगा लागल्या. न्यूझीलंडने टाळेबंदीबरोबर पगाराची मदत दिली. पूर्णवेळ कामगारामागे आठवड्याला सुमारे ५८५ न्यूझीलंड डॉलर, तेही मालकाच्या शब्दावर विश्वास ठेवून, काही दिवसांत खात्यात. कोणत्या मालकाने पैसे घेतले हे कोणालाही पाहता येत होतं. घरात थांबा म्हणणारं सरकार घरात थांबण्याचा खर्च उचलत होतं.

मामा : हे तू स्वीडनलाही लावशील?

भाची : लावायलाच हवं. स्वीडनमध्ये आजारपणाच्या रजेत पहिल्या दिवसाचा पगार कापला जायचा. मार्च २०२० मध्ये सरकारने ती कपात तात्पुरती बंद केली. ताप आला तर घरी थांबा, हा सल्ला पगारदार माणसाला पाळता यायला लागला. आणि तो सल्ला कोसळला कुठे? वृद्धाश्रमांत. तिथे तासावर काम करणाऱ्या, कायम करार नसलेल्या, प्रशिक्षण तोकडं असलेल्या माणसांच्या हाती म्हातारी माणसं होती. मॅट्स मेलिन यांच्या चौकशी आयोगाने डिसेंबर २०२० मध्येच लिहिलं की वृद्धांचं रक्षण करण्यात देश कमी पडला आणि त्याची मुळं वृद्धसेवेच्या जुन्या दुखण्यांत आहेत.

मामा : त्याच आयोगाने फेब्रुवारी २०२२ च्या शेवटच्या अहवालात असंही लिहिलं की सुरुवातीच्या आठवड्यांत उपाय अधिक लवकर आणि अधिक ठाम हवे होते.

भाची : आणि सक्तीपेक्षा सल्ल्यावर भर देण्याची मूळ दिशा योग्य होती, असंही त्याच अहवालात आहे. अर्धा अहवाल तुमचा, अर्धा माझा.

मामा : बरं, मग माझ्या अनुभवाच्या जागेवर ये. धारावी. सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये साडेआठ ते दहा लाख माणसं. १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला तेव्हा मुंबईला काय वाटलं असेल? एकमेकांपासून सहा फूट लांब राहा हे दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसांना कसं सांगणार? ऐंशी टक्के लोक सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून. म्हणून पालिकेने वाट बदलली. रुग्ण दवाखान्यात येईल म्हणून थांबायचं नाही, त्याला शोधत जायचं. तापाची शिबिरं लावली, वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना बरोबर घेतलं, शौचालयं पुन्हा पुन्हा निर्जंतुक केली. शाळा आणि सभागृहांत विलगीकरणाची सोय केली, तिथे दोन वेळचं जेवण दिलं. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी इटली, स्पेन, दक्षिण कोरियाच्या बरोबरीने धारावीचं नाव घेतलं. हे सगळं हुकमाशिवाय झालं असतं?

भाची : हुकमाने जेवण पोचत नाही, मामा. तुम्हीच आता सांगितलंत की काय काय पुरवलं. शिवाय यशाचा आकडाही जपून घ्यायला हवा. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचं सर्वेक्षण झालं. धारावीचा वॉर्ड त्यात नव्हता. पण झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, इमारतींत १६ टक्के. म्हणजे वस्त्यांत आजार फार मोठ्या प्रमाणावर पसरून गेला होता. मृत्यू त्या मानाने कमी राहिले, त्यात तरुण वयाचाही वाटा असणार.

मामा : असेल. पण डॉक्टर ओळखीचा होता म्हणून माणसं ताप लपवत नव्हती, याचाही वाटा आहे. माझ्या नोकरीत मी हेच पाहिलं. आशाताई दारात उभी राहिली की दार उघडतं, पोलिसाची गाडी उभी राहिली की आतून कडी लागते.

भाची : मग देशभरच्या टाळेबंदीत आपण काय केलं? २४ मार्चला रात्री आठ वाजता घोषणा, मध्यरात्रीपासून अंमल. चार तास. ज्यांचं घर आणि रोजगार एकाच दिवशी गेले त्यांच्यासाठी गाडी नाही, खोलीचं भाडं नाही, रेशनकार्ड गावाकडच्या पत्त्यावर. माणसं चालत निघाली. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळकडे चालले होते ते. त्यांनी कोणता नियम मोडला असं म्हणायचं?

मामा : त्यांनी काही मोडलं नाही. आपण त्यांना मोडलं. त्यावर मी वाद घालणार नाही. टाळेबंदी लागणारच होती असं मी आजही म्हणेन, कारण तेव्हा आपल्याकडे तपासणीचे संच, पीपीई किट, व्हेंटिलेटर, काहीच पुरेसं नव्हतं. पण पहिल्या रात्रीच मजुरांचं धान्य आणि भाडं ठरलं असतं, तर ती टाळेबंदी वेगळी झाली असती.

भाची : आता एक देश तुमच्या बाजूने मी मांडते. दक्षिण कोरिया. २०१५ मध्ये तिथे मर्सची साथ आली. १८६ रुग्ण, ३८ मृत्यू. आकडा लहान, पण रुग्णालयांची नावं सरकारने सुरुवातीला लपवली म्हणून लोक खवळले. त्यानंतर त्यांनी कायदा बदलला. साथीत तपासणी संचांना तातडीची मंजुरी देण्याची वाट काढली, संपर्क शोधण्यासाठी कार्डाचे आणि मोबाइलचे तपशील मिळवण्याची मुभा घेतली, आणि माहिती जाहीर करण्याचं बंधन सरकारवर घातलं. म्हणून फेब्रुवारी २०२० च्या पहिल्याच आठवड्यात पहिला तपासणी संच मंजूर झाला. देगू शहरात एका पंथाच्या सभांतून उद्रेक झाला तरी देशभर टाळेबंदी लावावी लागली नाही. १५ एप्रिलला सार्वत्रिक निवडणूकसुद्धा झाली.

मामा : मग अडचण कुठे आहे तुझी? मोबाइलचे तपशील घेतले म्हणून?

भाची : हो, तिथेच. सुरुवातीला रुग्णाचं वय, लिंग, तो कोणत्या दुकानात आणि कोणत्या हॉटेलात गेला, सगळं जाहीर व्हायचं. शेजारी ओळखायचे, टिंगल व्हायची. तिथल्या मानवाधिकार आयोगाने आक्षेप घेतल्यावर नियम सौम्य झाले. मे महिन्यात सोलच्या इतेवॉन भागातल्या नाइटक्लबांतून लागण पसरली. त्यांतले काही समलिंगी माणसांचे होते. ओळख फुटण्याच्या भीतीने लोक पुढे येईनात. तेव्हा शहराने नाव न विचारता, फक्त फोन नंबरवर तपासणी सुरू केली आणि तपासणीचा आकडा वाढला. जिथे पाळत थांबली तिथे माणसं आली.

मामा : म्हणजे सक्तीची ताकद होती, पण वापरताना माणूस बघून हात आखडता घेतला. हे मला पटतं. आरोग्य खात्यातल्या माणसाला पुण्याचा १८९७ चा प्लेग विसरता येत नाही. ब्रिटिश अधिकारी रँडच्या प्लेग समितीने सैनिक घराघरांत घातले, बायकांची तपासणी, देवघरांत बूट. लोक रुग्ण लपवायला लागले, मृतदेह लपवायला लागले. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. आणि त्याच वर्षी, त्याच प्लेगमध्ये, सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या. एकीकडे सत्ता दारावर लाथ मारत होती, दुसरीकडे आपल्यातली एक बाई आजाऱ्याला उचलून दवाखान्यात नेत होती. कोणाच्या हाती लोकांनी आपला माणूस दिला असेल?

भाची : तुम्ही जे सांगताय ते आता आकड्यांतही दिसलंय. ऑक्टोबर २०१९ मध्ये साथीसाठी कोण किती तयार याची एक जागतिक क्रमवारी निघाली. अमेरिका पहिली, ब्रिटन दुसरा, न्यूझीलंड पस्तिसावा. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. २०२२ मध्ये १७७ देश आणि प्रदेशांचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात अशा तयारीच्या गुणांचा लागणीशी संबंध दिसला नाही. जिथे लोकांचा सरकारवर आणि एकमेकांवर विश्वास जास्त, तिथे लागण कमी, एवढं ठळक दिसलं.

मामा : विश्वास साथ आल्यावर तयार होत नाही, पोरी. तो आधीच्या वर्षांत साठवावा लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर जागेवर असेल तर साठतो, नसेल तर आटतो.

भाची : आणि खरं सांगितल्याने साठतो. पेरूकडून शिकण्यासारखं एक आहे. मे २०२१ च्या शेवटी त्या सरकारने मृत्यूंची फेरतपासणी केली आणि आपला आकडा सुमारे ६९,००० वरून १,८०,००० च्या वर नेला. जगात सर्वांत वाईट ठरण्याची नामुष्की पत्करून. आपल्याकडे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ साठी जगात १ कोटी ४९ लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला. देशांनी कळवलेले होते ५४ लाख. भारतासाठी अंदाज होता सुमारे ४७ लाख, आणि अधिकृत नोंद ५ लाखांच्या आत. सरकारने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. आक्षेप घेण्याचा हक्क आहेच. पण आपल्याच जन्म-मृत्यू नोंदणीत २०२० साली सुमारे ८१ लाख मृत्यू आणि २०२१ साली १ कोटी २ लाख. त्यातली काही वाढ नोंदणी सुधारल्याची असेल. उरलेली माणसं कोण होती, हे विचारणं देशद्रोह नाही.

मामा : त्या दुसऱ्या लाटेत मी स्मशानाबाहेरच्या रांगा पाहिल्या आहेत. माझ्या खात्यातले लोक त्या मृतांत आहेत. त्यांना आकड्यातही जागा मिळू नये, हे मला सोसत नाही.

भाची : मग आपण दोघं कुठे आलो? देशांची तुलना करायची तर नियमाच्या कडकपणाची करून उपयोग नाही. न्यूझीलंड आणि पेरूचे नियम सारखे, न्यूझीलंड आणि स्वीडनचे उलटे. नियमाखाली काय होतं ते बघायला हवं. घरी थांबणाऱ्याचं पोट, तपासणीला येणाऱ्याची इज्जत आणि मेलेल्याची नोंद, या तिन्हींची हमी ज्या सरकारने दिली, त्याचा सल्लासुद्धा लोकांनी पाळला. जिथे हमी नव्हती तिथे बंदुकीच्या धाकानेही गर्दी हटली नाही.

मामा : हमी हवी, मान्य. पण हमीची व्यवस्था होईपर्यंत साथ थांबत नाही. फेब्रुवारीअखेर हिवाळी सुट्टीत आल्प्सला गेलेल्या स्टॉकहोमकरांनी आजार घरी आणला, तेव्हा एकेक आठवडा मोलाचा होता. अपुऱ्या माहितीवर, अपुऱ्या तयारीत, दार बंद करण्याचा अधिकार कोणाकडे तरी असलाच पाहिजे.

भाची : असू दे. पण तो अधिकार कोणत्या कायद्याने? मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यांनी वापरला तो साथरोग कायदा १८९७ चा. तोच, रँडच्या वर्षातला. जेमतेम काही कलमांचा. सरकार काय करू शकतं ते त्यात आहे. न ऐकणाऱ्याला शिक्षा आहे. आदेश बजावणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, हेही आहे. २०२० मध्ये त्यात डॉक्टर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना हल्ल्यांपासून संरक्षण आलं, ते चांगलंच झालं. पण सरकारने लोकांना काय द्यायचं, याचा त्यात शब्द नाही. ज्याचं काम बंद करायचं त्याला त्याच दिवसापासून किती मिळेल, परगावच्या मजुराला रेशन कुठे मिळेल, वॉर्डवार मृत्यू दर आठवड्याला कोण जाहीर करेल, आदेश किती दिवसांनी आपोआप संपेल, काहीच नाही. कोरियाने ३८ मृत्यूंनंतर कायदा बदलला. आपल्याला किती लागतात?

मामा : तू आदेशाला मुदत घालू म्हणतेस, मी म्हणतो पहिले पंधरा दिवस आरोग्य अधिकाऱ्याचे हात बांधू नका. विधानसभेत चर्चा होईपर्यंत वस्ती पेटलेली असते.

भाची : पंधरा दिवस द्या. सोळाव्या दिवशी त्याने सभागृहासमोर उभं राहून आकडे मांडावेत, आणि मंजुरी मिळाली तरच पुढे जावं.

मामा : एकवीस.

भाची : एकवीस घ्या. पण मजुराची मदत एकविसाव्या दिवशी चालणार नाही. ती पहिल्याच दिवशी, आदेशाच्या त्याच कागदावर लिहिलेली हवी. नाही तर तो आदेश बेकायदा.

मामा : त्यावर मी सही करीन. आणि तो कागद साथ नसताना, आत्ता लिहावा लागेल. साथीत लिहिलेल्या कागदावर फक्त हुकूम उरतो, हे मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलं आहे.